माघारी न पाहण्याची रीत

वरळीच्या बी.डी.डी. चाळीत सकाळी बकुळेने सुकट भाजायला घेतली की तिच्या सासऱ्याला, म्हाताऱ्या बुधाजीला, खोकल्याची उबळ यायची आणि खोकता खोकता तो हसायचा. "पोरी, मला मारून टाकतेस की काय," हे त्याचं रोजचं. "मारीन ना, मामा. आधी भाकर खाऊन घ्या," हे तिचं. सासऱ्याला ती मामा म्हणे. तोवर बुधाजीचा एकुलता एक मुलगा भिवा डबा घेऊन जिन्याशी पोचलेला असे. परळला रेल्वेच्या रुळांवरून नवा पूल उभा राहत होता. त्याच्या पायाच्या खड्ड्यात भिवा कामाला होता, बकुळा तिथेच घमेली वाही आणि बुधाजी सामानाच्या राखणीला बसे. तिघंही एकाच वाटेने चालत जात, म्हातारा मागे आणि त्याच्यासाठी दर वळणावर थांबणारा भिवा पुढे.

त्या पुलासाठी पुष्कळ काही गेलं. एक खानावळ गेली, लोहाराची भट्टी गेली, एक अख्खी बैठी चाळ गेली. तिथली बिऱ्हाडं कुठे गेली ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पण पिंपळाखालचा म्हसोबाचा शेंदरी दगड उचलून बाजूला ठेवला, तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. माणसं हलवली तर चालतं आणि दगड हलवला तर कोप होतो, अशी आपल्याकडची समजूत आहे. ती कोणी रुजवली देव जाणे, आणि खरं म्हणजे देवालाही ठाऊक नसावं.

नेमका त्याच जागी मधल्या खांबाचा खड्डा आला. जमीन जुनी, भरावाची. भरती आली की खड्ड्यात पाणी चढे आणि कडेची माती ढासळे. खड्ड्याच्या भिंतींना फळ्या आणि टेकू कमी आहेत हे खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होतं. हरेश्वर नावाचा कोळी गडी, वरळी कोळीवाड्यातला, पाण्याचं भय नसलेला, त्यानेही मुकादमाला सांगितलं, "फळ्या मागव बाबा, नायतर आमची समाधी इथंच." मुकादमाने कंत्राटदाराला सांगितलं. कंत्राटदार म्हणाला, बघू. मग फळ्या आल्या नाहीत, बोकड आला. तो स्वस्त पडला.

बोकड कापायला कोणीही चालतो. अडतं ते पुढे. बोकडाच्या रक्तात कालवलेला भात पाटीत भरायचा, ती पाटी डोक्यावर घेऊन कामाच्या हद्दीभोवती तो भात सांडत फिरायचं, आणि फिरताना मागून कोणीही हाक मारली, काहीही झालं, तरी माघारी पाहायचं नाही. पाहिलं तर बाहेर नेलेली पीडा परत आत येते. हे काम महाराचं. कोकणातल्या गावी बुधाजीच्या बापाने ते केलं, आज्याने केलं. मुंबईत आल्यावर ट्रामचे रूळ असोत की गटारं, जिथे जिथे पाया खणला तिथे मुकादम बुधाजीला शोधत आले. पाटी वाहिली की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी त्याला शिवत नसे, चहा देत नसे. पण नवं धोतर आणि बोकडाचं मुंडकं मिळे, आणि बुधाजी याला मान म्हणे. ज्याच्या डोक्यावर सगळ्यांची घाण द्यायची, त्याला वर्षातून एकदा नावाने हाक मारायची, एवढाच तो मान.

आदल्या हिवाळ्यात ही सगळी चाळ बौद्ध झाली होती. घरातले देव भिवाने टोपलीत घातले, पण वरळीच्या समुद्रात सोडले ते बुधाजीने स्वतःच्या हातांनी.

गणपत मुकादम रविवारी नारळ घेऊन चाळीत आला तेव्हा भिवा दाढी करत होता. गणपत साताऱ्याकडचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात, गोळीबार झाला तेव्हा त्याच्या मांडीत गोळी घुसली होती, आणि भिवाने त्याला खांद्यावर टाकून, लाठ्या चुकवत, रक्ताने अंग भिजलेल्या अवस्थेत दवाखान्यापर्यंत पोचवलं होतं. तेव्हा कोणाची जात कोणाला आठवली नाही. कामाच्या पत्र्याच्या कुंपणावर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे या दोघांनी मिळूनच रंगवलं होतं.

"बुधा, उद्या दुपारी पाटी हाय," गणपत उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

बुधाजी काही बोलायच्या आत भिवाने वस्तरा खाली ठेवला. "मुकादम, आत या, चहा घ्या. पाटीचं बोलू नका. आमी आता भात वाहत नाय."

"आरं, धरम तुमचा तुमच्या घरात. हितं गडी उतरंनात. समद्यांची रोजी बुडती."

"फळ्या आणा, मी पहिला उतरतो."

"फळ्या काय माझ्या बापाच्या हायत व्हय?"

"आणि हा माझा बाप हाय," भिवा म्हणाला. गणपत चहा न घेता गेला. नारळ उंबऱ्यावर राहिला.

सोमवारी कोणी खड्ड्यात उतरलं नाही. मंगळवारीही नाही. रिकामे बसलेले हात फार वाईट. त्यांना करायला काहीतरी लागतं. कोणीतरी बकुळेच्या डोक्यावरचं घमेलं मागून काठीने उडवलं. चहावाल्याने बुधाजीची बशी वेगळी काढली. भिवाला तिघांनी कुंपणामागे गाठून फावड्याच्या दांड्याने झोडपलं, आणि त्यातल्या एकाच्या छातीवर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला होता. सुजलेल्या ओठांनी भिवा घरी आला आणि जेवायला बसला. भाकरी चावता येईना, म्हणून बकुळेने ती पाण्यात कुस्करून दिली.

बुधाजीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. बुधवारी गणपतने त्याला एकट्याला गाठलं. "पोरगं हकनाक मरंल, बुधा. लई तापल्यात गडी. येक डाव पाटी फिरव, मी भिवाला लांब धाडतो. त्याला कळायचं बी न्हाय."

मुलाचा जीव वाचावा म्हणून बाप काय करत नाही? बुधाजीने मान हलवली. मनात कुठेतरी, खरं सांगायचं तर, जुना मानही हलला. बऱ्याच महिन्यांनी कोणी त्याला शोधत आलं होतं.

गुरुवारी दुपारी भिवाला विटांच्या गाडीबरोबर शिवडीकडे पाठवलं आणि खड्ड्याच्या काठावर बोकड कापला. एका घावात मान तुटली नाही. दुसऱ्या घावाला रक्ताची चिळकांडी कुंपणावरच्या अक्षरांवर उडाली. भात कालवला, पाटी बुधाजीच्या डोक्यावर चढली आणि गरम रक्त त्याच्या कानामागून गळ्यात उतरू लागलं. गडी लगेच शिड्या लावून खाली उतरले. सगळ्यांत खाली हरेश्वर होता. ज्याने फळ्या मागितल्या त्यालाही आता भात पुरेसा वाटला, इतका या गोष्टीचा अंमल.

गाडी शिवडीपर्यंत गेलीच नाही, वाटेत तिचं चाक निखळलं. भिवा चालत परत आला आणि त्याने बापाला पाटीखाली पाहिलं. "आबा," अशी त्याची हाक बुधाजीला ऐकू आली. पोरगा रागावलाय, हे त्याला कळलं. तो भात सांडत पुढे चालत राहिला.

तेवढ्यात भिंतीतून माती सुटली. वरच्या अंगाचे गडी शिडीवरून बाहेर पळाले. हरेश्वर तळाशी कमरेपर्यंत गाडला गेला आणि ओरडू लागला. भिवा शिडीने उतरला नाही, त्याने उडी टाकली. कप्पीचा दोर हरेश्वरच्या काखेतून बांधला आणि वर बघून जीव खाऊन हाका मारू लागला. दोराचं वरचं टोक एका खुंटाला होतं, आणि त्या खुंटापासून हातभर अंतरावरून बुधाजी चालला होता. मागे आरडाओरडा चालला होता, गडी सैरावैरा पळत होते. त्या गलबल्यात शब्द कळत नव्हते, फक्त हाक कळत होती. "आबा! आबा!"

बुधाजीने माघारी पाहिलं नाही. आपण वळलो तर पीडा पोरावर येईल, हे त्याच्या पायांनी ठरवलं होतं.

दोर धरला तो बकुळेने. घमेलं फेकून ती धावली आणि हाताची सालटी निघेपर्यंत ओढत राहिली. मग आणखी दोघे आले. हरेश्वर मोडक्या पायाने वर आला. दोर पुन्हा खाली सोडला तेव्हा समोरची सगळी भिंत बसली. खाली भिवाचा हात दिसला, मग नुसती माती आणि तिच्यातून वर येणारं पाणी.

त्यानंतरचं लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. पुरलेल्या माणसाला काढायला चौघे धावले आणि त्याच्या बापाला मारायला चाळीसजण. "म्हाताऱ्यानं मागं बघितलं," कोणी म्हणाला. "देव बुडवलेल्या हातानं भात बाटला," दुसरा म्हणाला. पाटी बुधाजीच्या डोक्यावरच फोडली. तो पडला तेव्हा लाथांनी त्याच्या बरगड्या मोडल्या, रक्ताचा भात त्याच्या तोंडात कोंबला. बकुळा त्याच्या अंगावर पालथी पडली आणि एक दगड तिच्या कपाळावर बसला. दिवस कलताना भिवाला वर काढलं. त्याच्या मुठीत माती घट्ट धरलेली होती.

महिनाभर बुधाजी खाटेवर होता. बकुळा त्याला भाकरी देई, औषध देई. सुकटीचा वास आला की खोकला यायचा, पण दोघांपैकी कोणीच काही म्हणत नसे. एका सकाळी त्याने विचारलं, "पोरी, तो काय म्हणत होता गं? मला वाटलं, रागावला."

बकुळा चुलीकडे तोंड करून होती. "'आबा, दोर धरा' म्हणत होते," ती म्हणाली. "तुमी दोरापाशीच होता, मामा."

बुधाजी त्या दिवशी जेवला नाही.

पुढच्याच आठवड्यात गणपत आला. या वेळी उंबऱ्याच्या आत आला, पण बसला नाही. सोमवारी काम सुरू होणार होतं. फळ्या? त्या अजून यायच्या होत्या. गडी म्हणत होते, बळी उलटला, पुन्हा दिला पाहिजे, आणि ज्याच्यामुळे उलटला त्यानेच तो फेडला पाहिजे. "नीट फिरव या डावाला," गणपत खालमानेने म्हणाला. "माझं बी कोणी ऐकंना."

"येतो," बुधाजी म्हणाला. बकुळेने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर खोचला.

सोमवारी सगळे जमले. बोकड खड्ड्याच्या काठी, त्याच खुंटाला, त्याच दोराने बांधला होता. कोणाच्या लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल तर कोणी बोललं नाही. रिकामी पाटी पुढे केली गेली. बुधाजी पाटीला वळसा घालून खुंटापाशी गेला, वाकला, बोकडाच्या गळ्यातली गाठ सोडली आणि दोराचं टोक गणपतच्या हातात दिलं.

"हे धरा, मुकादम. त्या दिवशी मला हे धरायचं होतं. मी पाटी धरली."

कोणीतरी हसलं. कोणीतरी शिवी घातली.

"तुमी म्हंता मी माघारी बघितलं," बुधाजी म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "नाय बघितलं. सात पिढ्यांची रीत पाळली. पोरगा मागनं हाक मारत होता आणि मी रीत पाळली. तुमच्या पीडेनं नाय मेला तो. भिंतींना फळ्या नव्हत्या आणि बाप वळला नाय, म्हणून मेला. आता मी हितं बसतो. फळ्या लागल्याबिगर कोणाचं पोर खाली जाणार नाय."

तो खड्ड्याच्या काठावर, शिडीच्या तोंडाशी बसला. मागून पहिला दगड आला तो पाठीत बसला. आणि जन्मभर ज्याने कधी माघारी पाहिलं नव्हतं तो म्हातारा वळला, आणि दगड मारणाऱ्याकडे बघू लागला. दुसरा दगड डोळ्यावर आला. तरी त्याने तोंड फिरवलं नाही. बकुळा त्याच्या शेजारी येऊन बसली. मग कुबडी टेकत हरेश्वर आला, कण्हत कण्हत खाली बसला आणि गणपतला म्हणाला, "मुकादम, तुला खांद्यावर कोणी नेला होता रे?"

गणपतच्या हातात दोर तसाच होता. गडी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने दोर मनगटाला दोनदा गुंडाळला आणि खड्ड्याकडे पाठ करून, गड्यांकडे तोंड करून, तिघांच्या पुढे उभा राहिला. त्या दिवशी कोणी उतरलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ज्या कंत्राटदाराकडे इतके महिने फळ्या नव्हत्या, त्याच्याकडून तिसऱ्या दिवशी लॉरी भरून फळ्या आल्या.

पूल झाला. त्यावरून मोटारी आणि बसगाड्या जाऊ लागल्या, खालची मोडलेली चाळ कोणाला आठवेनाशी झाली, मुंबईसह महाराष्ट्रही झाला. पुलावर दगडात मोठमोठी नावं कोरली आहेत, भिवाचं नाव त्यात नाही. आपणही रोज तिथून पुढे जातो, आणि डोक्यावर कुठली ना कुठली पाटी घेऊनच जातो. मागून कोणाची हाक येते ती आपल्याला ऐकूही येते. बुधाजीचा एक डोळा कायमचा गेला. पुढे तो पुलाच्या पायथ्याशी बकुळेच्या भाजीच्या टोपलीजवळ बसत असे, आणि रस्त्यावर कोणीही, कोणालाही हाक मारली, तरी म्हातारा लगेच वळून बघत असे.