घरचा हवालदार

सोफ्याच्या गादीला कडेची शिवण घालताना मध्येच थांबून चालत नाही. थांबलं की जाड कापड सरकतं आणि सगळी ओळ वाकडी जाते. म्हणून त्या सकाळी कारखान्याच्या दारातून ओळखीचा आवाज आला तरी तिने मशीनवरचा पाय काढला नाही. शिवण टोकापर्यंत नेली, दोरा कापला आणि मगच मान वर केली.

नुकत्याच मढवून ठेवलेल्या सोफ्यावर तिचा वायरमन नवरा ऐसपैस बसला होता.

"छान झालाय," तो शेजारच्या कारागिराला म्हणाला. "आमच्या बाईसाहेबांच्या हाताला गुणच आहे तसा."

कारागीर हसला. हा वायरमन जिथे जाई तिथे माणसं हसतच. कुणाचा पंखा, कुणाचं बटण तो बोलता बोलता फुकटात नीट करून द्यायचा. पोलीस ठाण्यातले दिवेसुद्धा त्यानेच बसवले होते. घराचं दार लागल्यावर हेच हात काय करतात, ते फक्त तिला आणि तिच्या मुलीला माहीत होतं. गळ्याजवळचं हाड दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा मुलीला घेऊन ती बाहेर पडली आणि कोर्टात गेली. कोर्टाने स्पष्ट आदेश दिला होता: तिचं घर, कामाची जागा, मुलीची शाळा, यांपैकी कुठेही नवऱ्याने फिरकायचं नाही. फिरकला तर तो गुन्हा.

कोर्टात जायचं बळ तिला तिच्या भावाने दिलं होतं. तो त्याच ठाण्यात हवालदार होता. "तू फक्त आदेश आण," तो म्हणाला होता. "पुढचं माझ्यावर सोड. तो तुझ्या वाऱ्याला उभा राहणार नाही."

म्हणून आता तिने त्यालाच फोन लावला. हवालदार लगेच आला. दाजींच्या खांद्यावर हात टाकून त्याने त्यांना बाहेर नेलं. काचेतून तिला दोघे समोरच्या टपरीवर चहा पिताना दिसले.

"चांगला दम दिलाय," परत येऊन भाऊ म्हणाला. "आता नाही यायचा."

"आणि तक्रार?"

"मी लिहून घेतो ना. तू कशाला कामाचा खाडा करतेस?"

तिने मान हलवली. सख्ख्या भावाला पावती कोण मागतं?

टपरीवर दम वगैरे काही दिला गेला नव्हता. वायरमनचे डोळे भरून आले होते. पोरीची आठवण येते, जेवण जात नाही, म्हणाला. हवालदाराला कसंसंच झालं. हा माणूस त्याच्या घरी पानाला पान लावून जेवलेला. शिवाय त्याला आत टाकायचं म्हणजे पंचनामा, साहेबांचे प्रश्न आणि ठाणंभर कुजबूज: हवालदाराच्या बहिणीची भानगड. त्याने तक्रार लिहिली नाही. त्याला हे पाप वाटलं नाही, शहाणपण वाटलं.

मग वायरमन शाळेच्या फाटकाशी उभा राहू लागला. मुलगी घरी आली की कोपऱ्यात बसून नखं कुरतडायची. ते बघून ती स्वतःच थेट ठाण्यात गेली. टेबलामागच्या अंमलदाराने ऐकून घेतलं.

"मारलं का?"

"नाही. पण तिथे यायलाच बंदी आहे त्यांना."

"बाई, बाप पोरीला बघायला आला यात गुन्हा काय? मी घरात नुसता उभा राहिलो तरी बायको दळण आणायला पिटाळते. तिच्यावर कोणतं कलम लावू?"

बाकावरचे दोघे खो-खो हसले. तेवढ्यात भाऊ आतून आला, तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. "सगळ्यांसमोर तमाशा नको. मी आहे ना इथे? जा तू घरी."

ती गेली. आदेशाची प्रत पिशवीत होती. पण प्रत हातात असून काय उपयोग? आदेश अमलात आणायचं काम ज्यांचं, त्यांना तो वाचावासा वाटायला हवा.

तिने खोली बदलली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका निवृत्त नर्सबाईंची वरची खोली मिळाली. पत्ता आईलाही दिला नाही. फक्त भावाला सांगितला, कारण अडीअडचणीला धावून येणारं कुणीतरी हवं. तिथे मुलगी पुन्हा झोपेत हसू लागली.

एका सुट्टीच्या दुपारी दारावर टकटक झाली. मुलगी खाली नर्सबाईंकडे पत्ते खेळत होती. तीच आली असेल म्हणून तिने कडी काढली.

"किती शोधायचं गं तुला?" वायरमन आत येत म्हणाला. "शेवटी तुझ्या दादालाच दया आली. म्हणाला, दाजी, दोघं एकदा निवांत बसून बोला."

ती काही क्षण त्याला घाबरायचंच विसरली. दादाने दिला. दादाने पत्ता दिला. डोक्यात दुसरं काही शिरेना.

तो गोड बोलत राहिला. ती दाराकडे सरकली आणि खाली हाक मारण्यासाठी तिने चौकट धरली. त्याने दार लोटलं. बोटं फटीत होती हे त्याला दिसत होतं. त्याने खांदा लावून दार दाबून धरलं.

किंकाळी ऐकून नर्सबाई धापा टाकत वर आल्या. जिन्यात तो त्यांना भेटला. "बोट चेमटलंय तिचं," तो अदबीने म्हणाला. "जरा बर्फ लावा."

उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठा राहिला, पण तो वाकेना.

दुसऱ्या दिवशी भाऊ आईला घेऊन इस्पितळात आला. आई पदर तोंडाला लावून बसली. भाऊ उभाच होता.

"मला वाटलं, तुझा संसार सावरेल," तो म्हणाला. "असं होईल हे स्वप्नातही नव्हतं."

"दादा, शाळेची तक्रार लिहिली होतीस?"

त्याने सलाइनची नळी उगाच सरळ केली.

"आणि कारखान्याची?"

"हे बघ, झालं ते झालं. त्याला आज उचललाय. सोडत नाही मी त्याला. फक्त जबाबात पत्त्याचं काढू नकोस. पत्ता त्याने शोधून काढला, एवढंच म्हण."

"पुढचं माझ्यावर सोड, असं माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतंस."

"माझी नोकरी जाईल गं."

आई पहिल्यांदाच बोलली. "नवरा तर गेलाच तुझा. आता भावाच्या पोटावर पाय देऊ नकोस."

तिने बँडेज बांधलेला हात उशीवर ठेवला. नवऱ्याने हाड मोडलं तेव्हा तिला दुखलं होतं, पण नवल वाटलं नव्हतं. आज मात्र तिला आईचं तोंड अनोळखी वाटलं. ज्या भावाच्या भरवशावर ती नव्या खोलीत निर्धास्त झोपली, त्याला आत्ताही तिच्या बोटांपेक्षा स्वतःच्या गणवेशाची काळजी होती.

"तुम्ही दोघं निघा आता," ती म्हणाली.

संध्याकाळी वरिष्ठ कार्यालयातून एक महिला अधिकारी जबाब घ्यायला आली. तिने त्या अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. टपरीवरचा चहा, अंमलदाराची थट्टा, पत्ता. अधिकारी लिहिता लिहिता थांबली.

"हवालदार तुमचा सख्खा भाऊ ना? हे एकदा लिहिलं की मागे घेता येणार नाही."

"माहीत आहे."

"त्याने भाऊ म्हणून समेट करायला बघितला असेल."

"भाऊ मला होताच, मॅडम. मी ठाण्यात गेले ती पोलीस शोधायला. पोलीस मला तिथे सापडलाच नाही. लिहा तुम्ही."

वायरमन कोठडीत गेला. खटला अजून चालू आहे. हवालदाराची चौकशी झाली, ताकीद मिळाली आणि बदली झाली ती जवळच्याच दुसऱ्या ठाण्यात. अंमलदार आहे तिथेच आहे. आईने माहेरचं दार बंद केलं. कारखान्याच्या मालकाने तिला कापड बेतायच्या टेबलावर काम दिलं, आणि डाव्या हाताने कात्री धरायला ती हळूहळू शिकली.

भावाच्या नव्या ठाण्यात बायकांच्या तक्रारी घ्यायचं काम त्याच्याकडेच दिलंय, हे तिला नर्सबाईंकडून कळलं. तिने वर अर्ज केला. उत्तर आलं नाही. मग आठवड्याच्या सुट्टीला ती त्या ठाण्यात जाऊन बाकावर बसू लागली.

पहिल्या दिवशी तिथे एक तरुण बाई होती, ओठ सुजलेला. हवालदार तिला समजावणीच्या सुरात सांगत होता, "अहो, घरातली भांडणं घरातच..."

बोलता बोलता त्याची नजर बाकाकडे गेली.

ती उठली, त्या तरुण बाईच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. भावाकडे तिने पाहिलंही नाही.

"तुम्ही पहिल्यापासून सांगा," ती त्या बाईला म्हणाली. "साहेब लिहून घेतील. लिहून होईपर्यंत आपण दोघी इथेच आहोत."