अर्ध्यावरचं गाऱ्हाणं

नळीतला निळा रंग आधी हिरवा झाला, मग पिवळा… आणि गुणाजीने ती स्पिरिटच्या दिव्यावरून बाजूला घ्यायच्या आत विटकरी. म्हणजे लघवीत साखर आहेच, भरपूर आहे. त्याने दिव्यावर फुंकर मारली. ज्योत वाकली, पुन्हा उभी राहिली. दुसरी फुंकर — तरी नाही. शेवटी त्याने झाकण घातलं आणि रत्नप्रभाने पाहिलं तर नाही ना, म्हणून वळून बघितलं. बायको आत पीठ चाळत होती.

सकाळी डॉक्टरांनीही हेच करायला लावलं होतं. पेटती काडी समोर धरून म्हणाले, "तोंड उघडं ठेवून विझवा." विझली नाही, त्यांचंच बोट भाजायची वेळ आली. "गिरणीतला कापूस छातीत आहेच," ते म्हणाले, "पण साखरही फुप्फुसाला सोडत नाही, असं नवे अभ्यास सांगतायत. हळूहळू ताठर करते." साखर — छातीत? चहातली बंद केली, वाटलं सुटलो. ही बया तर घरभर फिरते आहे.

उद्या गणपती. आणि गाऱ्हाणं…

गाऱ्हाणं घालायचं ते घरातल्या थोरल्याने, देवासमोर उभं राहून. एकेक मागणं संपलं की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाबांचं गाऱ्हाणं — गावची पडवी, ओल्या सारवणाचा वास, गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी माटवीला टांगलेल्या काकड्या — आवाज एवढा भरदार की परसातली कुत्री गप्प होत. मधेच बाबा थांबत. डोळे मिटून, खूप वेळ. मला वाटायचं, आता देव त्यांच्याशी बोलतोय… आणि मलाही ऐकू यावं म्हणून मी श्वास रोखून धरायचो. त्या शांततेची आठवण आली की आजही जीव कासावीस होतो.

आणि गेल्या वर्षीचं माझं, कांजूरच्या ह्या चाळीतलं. "ह्या घरात कोणाक दुखणांखुपणां —" एवढं म्हटलं आणि दम संपला. 'येव देव नको' घशातच राहिलं, तोवर सगळी मंडळी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" पोरं हसली, मीही हसलो. त्याच महिन्यात साखर निघाली. देवाने ऐकलं, पण अर्धंच ऐकलं.

संध्याकाळी धाकटा भाऊ दत्ताराम मखर बांधायला आला. पुठ्ठा कापता कापता, वर न बघता म्हणाला, "दादा, यंदा गाऱ्हाणां मी घालतंय. तू आपलो बस खुर्चेर."

काळजीनेच म्हणाला तो, तरी गुणाजीला राग आला. संपात गिरणी गेली, ती गेली. आता हेही काढून घ्यायचं? तो उठला, रिकाम्या मखरासमोर जाऊन उभा राहिला, हात जोडले.

"बा गणराया, तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली असत… ह्या घरात कोणाक दुखणांखुपणां —"

छाती अडली. दत्तारामचं तोंड सवयीने उघडलं. तेवढ्यात रत्नप्रभा दारात आली आणि पिठाने माखलेला तळहात तिने दिरासमोर धरला. फक्त, थांब.

तो तळहात… पडवीच्या खांबाशी उभी आई. बाबा थांबले की तिचा हात आम्हा पोरांसमोर वर व्हायचा, बाबा बोलू लागले की खाली यायचा. बाबांच्या पायाची ती न भरणारी जखम. परसात ते जिथे लघवीला बसत, तिथे लागणाऱ्या मुंग्या. म्हणजे साखर बाबांनाही होती. देव नव्हता बोलत. बाबा दम घेत होते… आणि आईला ते ठाऊक होतं.

गुणाजीचे डोळे भरून आले. पडवी तीच होती. फक्त आता बाबा पहिल्यांदाच त्याच्या शेजारी उभे होते, धापा टाकत. दत्तारामने तोंड मिटलं. रत्नप्रभाचा हात अजून वरच होता. पुढचे शब्द कुठे पळून जात नव्हते, श्वास येईल तेव्हा येईल — आणि कितीतरी दिवसांनी गुणाजीला त्याची घाई नव्हती.