दाभणाने पाडलेली चार भोकं

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. कमरेचा. मला डुलक्या घ्यायची फार खोड, तेव्हा सांगता सांगता हरवलोच तर सांभाळून घ्या.

काकूंनी मला काकांसाठी विकत घेतलं. काका पुस्तकं बांधतात. सुटी पानं शिवायची, पाठीला खळ लावायची, वर पुठ्ठा चढवायचा. तेव्हा त्यांचं पोट छान गोल होतं आणि मी पहिल्याच भोकावर ऐटीत बसायचो. पट्टा शोभतो हो तुम्हाला, असं काकू म्हणायच्या आणि मी उगाच फुगायचो.

मग काकांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. यंत्र त्यांचं रक्त धुऊन परत द्यायचं. आधी वजन करायचं, म्हणून बूट आणि मी बाहेर. खुंटीवर लटकून यंत्रांची घरघर ऐकत मी पेंगायचो. ऊन फरशीवरून सरकत जायचं. मी पुन्हा कुण्या जनावराची पाठ झालोय, ओल्या गवतात उभा आहे, असं स्वप्न पडायचं.

काकांना धास्ती एकच, वजनाची. दोन खेपांच्या मध्ये अंगात पाणी साठतं, आकडा वाढला की बोलणी बसतात. म्हणून त्यांनी जेवणच तोडलं. काकूंना म्हणायचे, पोट भरलं. काट्यावरचा आकडा जागचा हलेना. असा शहाणा पेशंट दुसरा नाही, असं कौतुक व्हायचं. मी मात्र सैल पडत चाललो होतो. दुकानात कुणी नसताना काका दाभणाने मला नवं भोक पाडायचे. अशी चार झाली. दुखायचं, पण बोलता येत नाही याचं जास्त वाईट वाटायचं.

एरवी काका मला स्वतःच बांधायचे. एके दिवशी त्यांचे हात फार थरथरायला लागले, म्हणून सिस्टरने मला घेतलं. पहिलं भोक सैल, दुसरं सैल. शेवटच्या भोकावर ती थांबली.

"काका, ही भोकं कधी पाडलीत?"

चोरी पकडली गेल्यासारखा काकांनी सदरा खाली ओढून मला झाकलं.

आहारतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी काकांच्या नडगीवर बोट दाबलं, तर खड्डा पडला. मांस गेलं आणि त्या जागी पाणी भरलं, म्हणून आकडा तेवढाच राहिला, असं त्यांनी समजावलं. पुरेसं अन्न मिळालं नाही की शरीर स्वतःलाच खायला लागतं, मग यंत्र तरी किती दिवस तारणार?

काका हळूच म्हणाले, "मला वाटलं, कमी खाल्लं तर जास्त जगेन."

"बंदी पाण्यावर आहे, मिठावर आहे, काही फळांवर आहे," बाई म्हणाल्या. "पोटभर जेवणावर नाही."

काकू आधी चिडल्या, मग रडल्या. जादा पाणी हळूहळू काढलं गेलं. काय चालेल त्याची यादी स्वयंपाकघरात लागली. पहिले काही आठवडे काका एकेक घास नुसता घोळवत बसायचे. आणि एका दुपारी त्यांनी ताट पुढे केलं.

"अगं, अजून थोडं वाढ."

काकू उठल्या, पण भांडं रिकामं होतं. वर्षभरात त्यांना कमीच शिजवायची सवय लागली होती. त्यांनी आपल्या ताटातला निम्मा भात काकांच्या ताटात सरकवला. दोघं जेवत राहिली.

मित्रांनो, आजारी माणसाला काय खाऊ नये हे सांगणारे पुष्कळ असतात. तुम्ही त्याच्याजवळ जेवायला बसा. त्याचं जेवण होईपर्यंत उठू नका.