सरकीच्या ढिगातली सळई

किसनराव जुगारी नव्हता. अकोल्याच्या ताजनापेठेत सरकी-ढेपेचं लहानसं दुकान त्यानं उभं केलं, ते भीतीच्या जोरावर. काय बुडू शकतं याचा विचार तो आधी करायचा, काय मिळेल याचा मग. गोदामात बिडी बंद. दाराशी पाण्याचे चार पिंप. वर आगीचा विमा. पाठीवर बधिर, फिकट चट्टा उठलाय, महारोग तर नसेल, असं नत्थुजी हमालानं स्वतःच सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी त्याला घरी बसवलं. गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर दुकानाची पायरी कोण चढणार?

एकसष्ट सालच्या पौषात अवकाळी पाऊस झाला आणि अंजनगावच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सरकी भिजली. जिनवाला निम्म्या भावात द्यायला बसला होता, पण घेणारा मिळेना. ओली सरकी ढिगाच्या पोटात ऊब धरते, ऊब वाढत जाते, आणि बी आतल्या आत नासतं. मात्र वेळेवर कळलं तर उपाय सोपा: ढीग फोडायचा, उन्हात पसरायचा, पुन्हा भरायचा. म्हणजे धोका ओलीत नव्हता, उशिरा कळण्यात होता. आणि वेळेवर सांगायला किसनरावाजवळ डोमाजी होता.

डोमाजीचं काम रोज सकाळचं. ढिगात ठिकठिकाणी पुरुषभर लांबीच्या लोखंडी सळया खुपसलेल्या असत. तो एकेक सळई उपसायचा, टोक मुठीत धरून उभा राहायचा आणि ढीग आतून तापला की थंड आहे ते सांगायचा. वीस वर्षांत त्या मुठीनं दोनदा माल वाचवला होता. किसनरावानं दुकानातलं सगळं भांडवल त्या सरकीत घातलं. ज्येष्ठात कडबा संपला की भाव दुप्पट होणार होता. झाला तर दुकान मोठं, नाही तर कुलूप.

माघातल्या एका सकाळी किसनरावाची बायको आशाबाई गोदामात चहा घेऊन आली. पितळी पेले इतके तापले होते की किसनरावानं धोतराचा सोगा गुंडाळून आपला धरला. डोमाजीनं सरळ मुठीत घेतला.

"अबे, हात हाय का सांडशी?" किसनराव हसला.

"वीस वर्सं सळया धरल्या, मालक. काय फुकट धरल्या का?" डोमाजीही हसला.

आशाबाई हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "त्याले चटका लागलाच नाही. तुमी पायलं का?"

"तोच त त्याचा गुण हाय."

"मंग सरकी तापली हे त्याले कसं समजन?"

"तू चहा कर. सरकी मले पाहू दे."

आपलं बोलणं तिला बरोबर वाटत होतं, पण ते कोणाला सांगावं, हे तिला कळेना.

चैत्रात तेलगिरणीचे शेषराव माल पाहायला आले. "थंडा हाय, मालक," डोमाजी दारातूनच म्हणाला. रोज हेच दोन शब्द. शेषरावांनी बाही वर करून ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन काढला. मूठभर सरकी आली होती, तिच्यातलं एक बी दातांनी फोडलं आणि थुंकून टाकलं. आतला गर पांढरट-हिरवा असायला हवा, तो तपकिरी झाला होता.

"किसनराव, हे सरकी शिजली. हिचं तेल कोन घेईन, अन् ढेप कोन्तं ढोर खाईन?"

किसनरावानं जवळची सळई उपसली आणि लगेच टाकून दिली. बोटं चुरचुरत होती. डोमाजीनं ती सवयीनं उचलली आणि मुठीत धरली.

"सोड थे!" किसनराव ओरडला. "हात दाखव."

तळहातावर फोड होते. दोन ताजे, एक फुटून वाळलेला.

"वासही नाही आला तुले?"

"आला होता, मालक. पंधरा दिवसांपासून. पन हात म्हने, थंडा हाय. हाताले खोटं कसं म्हनू? खोटं म्हटलं असतं त तुमी इचारलं असतं, हाताले काय झालं."

"मंग सांगाचं होतं ना!"

डोमाजी जमिनीकडे पाहत म्हणाला, "नत्थुजीनं सांगितलं होतं."

विमा कंपनीचा माणूस आला, ढिगाभोवती फिरला आणि त्यानं एकच प्रश्न विचारला, "ज्वाळा दिसली का?" ज्वाळा दिसली नव्हती. विमा आगीचा होता. माल आपल्या आपण तापून नासला, तर तो कागदात बसत नव्हता. तो गेल्यावर किसनराव आगपेटी हातात घेऊन बराच वेळ गोदामात बसला. मग उठून आगपेटी पिंपात टाकली. डोमाजीला त्यानं त्याच संध्याकाळी घरी बसवलं.

दुकान गेलं. पुढच्या पौषात किसनरावानं उसनवारीवर तीस पोती सरकी घेऊन एका खोलीत भरली. सळई आता तो स्वतःच धरायचा. धरण्याआधी दुसऱ्या हाताच्या नखांनी एकेक बोट चिमटून पाहायचा. एका सकाळी करंगळीला चिमटा जरा उशिरा लागल्यासारखा वाटला. त्यानं पुन्हा घेतला. मग आणखी जोरात.

"काय करून राह्यले?" दारातून आशाबाईनं विचारलं.

त्यानं हात पाठीमागे घेतला.

"काही नाही," तो म्हणाला. "थंडी हाय."