डोक्यावरचा रंग

पहिला डाव आम्ही जिंकलो तो माझ्यामुळे. फुशारकी म्हणून सांगत नाही. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पन्नास माणसं होती, हवं तर त्यांना विचारा. संगणकावरचा रणगाड्यांचा खेळ; पाच रणगाडे आमचे, पाच कुह्मो गावच्या संघाचे. त्यांचे चौघे पुलापाशी आमच्या चौघांशी भिडले होते, तेवढ्यात मी नदीकाठाने निघाले. वाटेत त्यांचा पाचवा उभा होता. सरळ त्याच्या अंगावर घातला रणगाडा, जवळून दोन गोळे हाणले आणि त्यांच्या तळावर जाऊन बसले. खेळ खलास.

छप्पन्न वर्षांची मी, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. खेळातलं माझं नाव 'वाटाणासूप'. आमचा कप्तान लाउरी म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने मला सगळ्यांदेखत मिठी मारली. "मावशी, मावशी, मावशी!" एवढंच म्हणत होता. तीनपैकी दोन डाव जिंकणारा संघ पुढच्या फेरीसाठी ओउलू शहराला जाणार होता, आणि आम्हाला आता आणखी एकच हवा होता.

कॉफी घ्यायला गेले तर तिथे कुह्मोचा कप्तान पासी. उंच, वाकलेला, सभ्य माणूस. वेलचीचा पाव चावत तो म्हणाला, "तुमचा कप्तान भलताच बेरकी आहे हं. लाल माणूस पुढे सोडला! नदीकाठी तुझ्या वाटेत मीच होतो; तुला बघितलं आणि तोफ पुलाकडे वळवली. म्हटलं, लाल आहे, हिला काय, नंतर बघू."

"लाल म्हणजे?"

त्याचा घास तोंडातच राहिला. त्याने लाउरीकडे पाहिलं. लाउरी आपल्या बुटांकडे बघत होता.

मग कळलं. एक मॉड असतं, म्हणजे खेळाला वरून जोडायची पुरवणी. ते बसवलं की समोरच्या प्रत्येक खेळाडूच्या नावावर त्याचा आजवरच्या हार-जितीचा हिशेब रंगाने दिसतो. जांभळे सगळ्यात भारी, मग निळे, हिरवे, पिवळे. तळाला लाल. दहा खेळाडूंपैकी ते फक्त माझ्याकडे नव्हतं. चार वर्षांपूर्वी लाउरीने मला खेळ बसवून दिला तेव्हा मुद्दाम वगळलं होतं. पहिली दोन वर्षं मी शाळेच्या मोडीत निघालेल्या संगणकावर खेळले. गोळा डागायच्या वेळी नेमका गोठायचा तो. ते सगळे डावही त्या आकड्यात धरलेले. म्हणजे चार वर्षं मी डोक्यावर लाल रंग घेऊन फिरत होते आणि तो मी सोडून सगळ्यांना दिसत होता!

अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तू मला संघात घेतलंस ते कशासाठी रे? आमिष म्हणून?"

"तसं नाही गं मावशी..."

"मग कसं?"

"रंगाचा उपयोग केला, नाही म्हणत नाही. पण तू चांगली खेळतेस म्हणूनच."

"गाढवा, आधी 'चांगली खेळतेस' बोलायचं की रंगाचं?"

दुसरा डाव त्या रागातच खेळले. पंच्याहत्तर मुलांच्या सुपात मीठ दोनदा पडावं तसं झालं. आता कुह्मोवालेही शहाणे झाले होते. नदीकाठावर दोघे वाट बघत बसलेले. चौथ्या मिनिटाला मी संपले, आठव्या मिनिटाला आमचा संघ संपला. एक-एक.

मी उठून पंचांच्या टेबलापाशी गेले. पंच म्हणजे वाचनालयातली हिल्का. म्हटलं, हा काय न्याय? माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवायची आणि सगळ्यांनी वाचून खेळायचं?

"नियमात बसतं, राइली," हिल्का शांतपणे म्हणाली. "मॉड फुकट आहे, कुणालाही मिळतं. तूही बसव. मग अन्याय कुठे राहिला?"

"बसवतेच!"

लाउरी धावत मागे आला. "मावशी, आत्ता नको. पाया पडतो. डाव संपू दे, घरी गेल्यावर मी स्वतः बसवून देतो."

"का? सगळ्यांना दिसतं ते मला दिसलं तर तुझं काय बिघडतं?"

"तू न बघता खेळतेस तेच तुझं..." मी त्याला पुरं बोलू दिलं नाही. बोलला असता तरी मी ऐकलं नसतं. मला एकच हवं होतं. तिसरा डाव मी जिंकायचा, बरोबरीच्या हत्याराने, आणि मग लाउरीला विचारायचं, आता सांग, रंगामुळे घेतलंस की खेळामुळे?

दहा मिनिटांत मॉड बसलं. डाव सुरू होण्याआधी अर्धं मिनिट दोन्ही संघांची नावं समोर येतात, तशी आली. आमचा लाउरी निळा. सगळ्यात खाली मी, वाटाणासूप, लालभडक. बघायचंच होतं ना? बघितलं. पलीकडे दोन हिरवे, एक पिवळा, एक निळा. आणि पासी. जांभळा. हॉलमध्ये तेवढा एकच जांभळा होता. वर मॉडने हिशेब मांडून ठेवला होता : तुमची जिंकण्याची शक्यता अडतीस टक्के.

डाव अजून सुरूही झाला नव्हता आणि माझी नजर त्या एका जांभळ्यावरून हलेना.

पण आमची पोरं जिवावर उदार होऊन लढली. पुलावर त्यांचा पिवळा गेला, हिरवे गेले. आमचेही दोघे गेले. मग लाउरीच्या जोडीदाराने निळ्याला टिपलं आणि स्वतःही गेला. लाउरी पासीशी कितीतरी वेळ झुंजला. शेवटी तोही जळाला. मेलेल्याने बोलायचं नाही असा स्पर्धेचा नियम. लाउरी माझ्या शेजारच्या खुर्चीत ओठ दाबून बसला होता, त्याचा गुडघा थडथड हलत होता.

उरलो मी आणि पासी.

तो आमच्या तळावर जाऊन उभा राहिला. तळ ताब्यात घ्यायला चाळीस सेकंद लागतात. पडद्यावरची वेळेची पट्टी भरू लागली. मी तळाजवळच्या कोठारामागे होते. त्याला एक गोळा लागला असता तरी पट्टी पुन्हा शून्यावर आली असती. मधे झाडी होती, त्यामुळे रणगाडा दिसत नव्हता. झाडांच्या वर नुसतं त्याचं नाव दिसत होतं. जांभळं.

निघ, मी स्वतःला म्हटलं. निघ ना गं!

मग वाटलं, जांभळा आहे. माझी चाहूल लागली असेल. तोफ या कोपऱ्यावर रोखूनच बसला असेल. नाक बाहेर काढलं की संपलं. थोडं थांबते, तो हलला की निघते. तो कशाला हलतोय? पट्टी अर्धी भरली. मी पुढे झाले, मागे आले. पुन्हा पुढे झाले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा तर पुढेच उभा होता. पट्टी पाऊण भरली. लाउरीचा गुडघा हलायचा थांबला.

शेवटच्या तीन सेकंदांत मी निघाले. कोठाराचा कोपरा वळेपर्यंत पट्टी भरली होती.

कुह्मोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची पोरं कानावरचे हेडफोन काढून ठेवत होती. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पासी हात मिळवायला आला. त्याचा हात घामाने चिंब होता.

"कोठारामागे तूच होतीस ना?" त्याने विचारलं. "माझ्या रणगाड्यात जीवच नव्हता गं, एका गोळ्याचा धनी. आणि तोफही मोडलेली, लाउरीने मोडली. तू आली असतीस तर मी काहीच करू शकलो नसतो. सकाळी कशी बेधडक अंगावर आलीस! आत्ता का नाही आलीस?"

"सकाळी तू कोण आहेस ते मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

लाउरीने माझी खुर्ची ओढली, बसला आणि मॉड काढून टाकलं. पडद्यावर दहाही नावं पुन्हा पांढरी झाली. मी त्यातलं पासीचं नाव शोधलं. ते आता सगळ्यांसारखं पांढरंच होतं, आणि तरीही मला जांभळं दिसत होतं.