नमस्कार, बोला!

आईचं बिघडलं ते कानापासून. म्हणजे कान शाबूत होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकू सगळं येतं, फक्त ऐकलेलं कुठे नेऊन ठेवायचं ते आता डोक्याला उमगत नाही. उभी हयात एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसून लोकांचे आवाज ज्याचे त्याला पोचते करणाऱ्या बाईला हेच व्हावं, यात देवाला काय विनोद सापडला असेल तो त्याचा त्याला ठाऊक.

आता घरात जे वाजेल तो आईला फोन वाटे. फ्रिजचं दार उघडं राहून पिंपिं सुरू झालं, की ती फ्रिजला सांगे, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." नळ गळायला लागला, की "आवाज तुटतोय, जरा मोठ्याने." वॉशिंग मशीनला तर तिने एकदा थेट मॅनेजरकडे जोडून दिलं होतं. थोरल्या मुलीने हाक मारली, की मात्र ती दचकून छताकडे बघायची.

"वरचे फर्निचर सरकवतायत वाटतं."

न्हाऊमाखू घालणारी, घास भरवणारी थोरली आईच्या लेखी फर्निचर होती.

थोरलीच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं, कारण तेवढे दिवस आईपाशी थांबायला कोणीतरी हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे परगावचा धाकटा. तो दर रविवारी न चुकता फोन करी. आणि तिथेच घोडं पेंड खाई. कारण घरातला जो एकच आवाज खरोखर फोनचा होता, तो आई अचूक उचलायची.

"नमस्कार, बोला!" आवाज कसा, तर साजूक तूप.

"कशी आहेस, आई?"

"उत्तम! आपण कसे आहात?"

"आपण म्हणे! थट्टेची खोड काही जात नाही तुझी. जेवलीस?"

"हो, हो. आपला निरोप पोचवते."

मग थोरलीची पाळी. "ताई, आई ठणठणीत आहे. तू उगाच राईचा पर्वत करतेस."

"अरे, तू कोण तेही तिला ठाऊक नाही. ती कारखान्यात बसून बोलतेय."

"माझ्याशी तर किती गोड बोलते! तुझ्याशीच बोलत नाही. आता कोणाचं काय चुकतं, ते मी लहान तोंडी कशाला सांगू?"

थोरलीने राग गिळला. तो जाऊन पित्ताशयातच बसला असावा. तिथे आधीच गर्दी होती.

हॉस्पिटलने तिसरी तारीख दिली, त्या रविवारी तिने फोन स्पीकरवर टाकला, स्वतः आईच्या समोर बसली आणि ओरडली, "मी कुठे आहे, ते तिलाच विचार!"

"आई, ताई कुठेय गं? दे बरं तिला."

आईने समोरच्या खुर्चीकडे नीट पाहिलं. "माफ करा. ताई नावाचं आमच्याकडे कोणी नाही."

आता धाकट्याला पटणारच. थोरलीच्या जिवात जीव आला. आईने आपल्याला पुसून टाकलं म्हणून हायसं वाटणारी जगातली ती पहिलीच लेक असावी.

"भांडलात होय दोघी?" धाकटा खो-खो हसला.

तेवढ्यात वॉशिंग मशीन वाजलं. "थांबा, ट्रंक कॉल आहे," म्हणत आईने फोन कापला आणि मशीनकडे धावली.

लगेच पुन्हा घंटी. आई मशीनशी बोलण्यात गुंतली होती, म्हणून थोरलीने उचलला. भावाची खरडपट्टी काढायचं तिने ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"नमस्कार, बोला!" तेच तूप. "इथे सध्या कोणी उपलब्ध नाही. आपण स्वतः येऊन भेटा."

आता तरी ओळखेल, म्हणून ती थांबली.

"आई!" धाकटा गहिवरला. "बरं वाटलं बघ तुझा आवाज ऐकून. ताईला सांग, ऑपरेशन उरकून घे म्हणावं. तिच्याकडे बघायला तू आहेसच की!"

थोरलीने फोन ठेवला. मशीनपाशी उभी असलेली आई तिच्याकडे एकटक पाहत होती. छताकडे नव्हे, तिच्याकडे.

"नवीन लागलीस का गं?" आई म्हणाली. "आवाज चांगलाय. पण 'कृपया' म्हणायचं राहिलं."