लिंबोणीवरचं पोळं

सानगडीच्या देवाजींच्या घरामागे सांदवाडी होती. तिथं वांगी, वालाचा वेल आणि कुंपणाशी एक लिंबोणी होती. १९८१च्या दिवाळीआधी त्या लिंबोणीवर गांधीलमाश्यांनी पोळं केलं.

त्यांची बायको रुखमिणी रोज म्हणायची, "अवो, ते पोळं जाळून टाका ना. मले भेव लागते."

"कायले जाळाचं?" देवाजी म्हणत. "वांग्यावरच्या अळ्या खाऊन राहिल्या त्या. आपण छेडलं नाही तं काही करत नाहीत."

एका दुपारी जेवताना त्यांनी वरणावर पिळायला लिंबू मागितलं. रुखमिणी तोडायला गेली आणि फांदी हलली. दहा-बारा माश्या तिच्या तोंडाला, मानेला डसल्या. ती चालत घरात आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "दम कोंडून राहिला." देवाजींनी बैलबंडी जुंपली, पण साकोलीचा दवाखाना येण्याआधीच तिचा जीव गेला.

तेरवी झाल्यावर संध्याकाळी देवाजींनी बांबूला चिंधी गुंडाळली, रॉकेलमध्ये बुडवून पेटवली आणि पोळ्याखाली धरली. सासरहून आलेली त्यांची लेक ललिता दारातून बघत होती. पोळं तळहाताएवढंच होतं. बघता बघता ते जळून खाली पडलं.

"झालं, बाबा?"

"झालं," देवाजी म्हणाले. "एवढंच काम होतं, बाई. महिनाभर सांगून राहिली होती ते."

मग ते तिथंच वाफ्यात बसले आणि रुखमिणी गेल्यापासून पहिल्यांदाच रडले.